आईच्या तोंडचं नाव

“मेलेल्या बाईच्या तोंडातला शेवटचा शब्द चोरताय तुम्ही,” नावमावशी म्हणाली आणि टेबलावरची वही उचलून तिनं छातीशी धरली.

साहेबांचं पेन हवेतच राहिलं. प्रसूतिगृहाचा कारभार हाती घेऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, आणि सहा वर्षांत फरशी पुसणाऱ्या कुठल्या बाईनं त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. खरं तर मावशीनं आत्ताही चढवला नव्हता. दमलेल्या माणसाला आवाज चढवणं परवडत नाही. भरलेली बादली खाली ठेवावी तसं ती वाक्य ठेवून मोकळी झाली होती.

“चोरी कसली, मावशी?” साहेब म्हणाले. “दुरुस्ती आहे. एक रेघ मारायची, शेजारी दुसरं नाव लिहायचं. आणि वेळेच्या रकान्यावर शाई सांडली म्हणायचं. शाई काय, सांडतेच.”

“अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून थेंब सांडला नाही.”

“मग आता एकदा सांडू दे. तीन महिन्यांनी निवृत्त होताय. मागची ती खोली पुढेही तुमच्याकडेच राहावी असं मी वर बोललोय. कुठे जाणार या वयात? मी माणसासारखा बोलतोय, तुम्हीही जरा माणसासारखं घ्या.”

मावशीनं वही आणखी घट्ट धरली.

वही म्हणजे नामवही. जाड पुठ्ठ्याची, शिवलेली, पानापानावर आकडा छापलेली. ज्या म्हाताऱ्या परिचारिकेनं हे प्रसूतिगृह सुरू केलं ती कधीच मातीआड झाली, पण पहिल्या पानावर तिच्या हातचा नियम अजून होता: नाव आईच्या तोंडचं, वेळ घड्याळातली, शाई न पुसणारी. तिच्या काळात म्हणे बाळाच्या नावावरून दोन्हीकडची माणसं खाटेभोवती हमरीतुमरीवर यायची आणि जिनं नऊ महिने पोटात वागवलं ती भिंतीकडे तोंड करून पडायची. म्हणून हा नियम. नाव आईनं सांगायचं, आयानं लिहायचं, आणि किती वाजता सांगितलं तेही लिहायचं. त्यावरून नावपत्र बनायचं. नाव, मूळ, अर्थ. पुढे जगात पोराला बंड्या म्हणा नाहीतर गुंड्या, पहिली ओळ आईची.

ही वही अठ्ठावीस वर्षं एकाच हातात होती. मावशीची शाळा चौथीत सुटली, पण अक्षर मोत्यासारखं आणि खोड जुनी. रद्दीवाल्याकडून तिनं नावांचे फाटके कोश गोळा केले, कुठल्या भाषेतलं नाव कुठून आलं ते पाठ केलं. हिब्रू नावांवर तिचा विशेष जीव. तिकडे नाव म्हणजे एकेक आख्खं वाक्य असतं, असं ती सांगायची. देवानं ऐकलं. देवानं दिलं. कुणीतरी कळवळून बोललेलं, आणि मग ते पोराच्या अंगाला चिकटलेलं. अशा गोष्टी ऐकून बायका कळा विसरायच्या. म्हणून ती नावमावशी. तिचं स्वतःचं नाव काय, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि आता पान एकशे बेचाळीस, ओळ सातवी. बेनोनी. मूळ: हिब्रू. अर्थ: माझ्या दुःखाचा मुलगा. वेळ: सकाळी दहा चाळीस.

साहेबांच्या टेबलावर दुसरा कागद होता. अहवाल. त्यात लिहिलं होतं की बाळंतीण दहा वीसला बेशुद्ध झाली, डॉक्टरीणबाई साडेदहाला खाटेपाशी हजर झाल्या आणि शर्थ करूनही दहा पन्नासला सगळं संपलं. खाली तीन सह्या. अहवाल इतका नीटनेटका होता की त्यावर रक्ताचा डाग पडलाच नसावा असं वाटत होतं. फक्त दहा वीसला बेशुद्ध झालेली बाई दहा चाळीसला पोराचं नाव सांगते, एवढंच त्या कागदाला गिळता येत नव्हतं. ती बाई कारखान्यात कपडे शिवायची. तिच्याबरोबरच्या चाळीस जणी यंत्रं बंद ठेवून दोन दिवस प्रसूतिगृहाच्या फाटकाशी उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे चौकशी नेमली गेली. उद्या अकराला चौकशीची माणसं यायची होती. सगळी कागदपत्रं, सगळ्या वह्या मागवल्या होत्या त्यांनी.

“आणि नाव तरी काय!” साहेब म्हणाले. “दुःखाचा मुलगा. पोरानं जन्मभर हे कपाळावर घेऊन फिरायचं? तुम्हीच सगळ्यांना गोष्ट सांगता ना त्या हिब्रू शास्त्रातली? त्यात बापानं बदललंच की नाव. आपणही तेच करतोय. पुण्याचं काम आहे.”

“बापानं बदललं. कारकुनानं नाही.”

साहेब पहिल्यांदा हसले. हसून पुढे वाकले, आणि आवाज आईसारखा मऊ केला.

“मावशी, ती वेळ माझ्याच गळ्यात पडेल असं वाटतं का तुम्हाला? सिस्टरला तुम्ही हाक मारलीत दहा पन्नासला. ते सिस्टरनं मला सांगितलंय. मग दहा चाळीसला बाई बोलत होती, तर पुढची दहा मिनिटं तुम्ही काय करत होतात?”

मावशीचा डावा हात उठला आणि तिच्या तोंडावर जाऊन बसला.

“विचार करा,” साहेब म्हणाले. “वही आज तुमच्याकडेच ठेवा. माझा विश्वास आहे.”

*

कपडे धुण्याच्या खोलीत सिस्टर चादरींच्या घड्या घालत होती. मावशीनं चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघी मागे सरकायच्या, पुढे यायच्या, टोकाला टोक मिळवायच्या. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. नाचच तो, फक्त गाणं नाही.

“सही केलीस,” मावशी म्हणाली.

“केली.” सिस्टरनं चादर झटकली. “दोन पोरं आहेत मला. नवरा घरी बसलाय, रिमोट सोडून काही उचलत नाही. मी कुठल्या जिवावर नाही म्हणू?”

“मी विचारलं का काही?”

“विचारत नाहीस. नुसती बघतेस. त्यापरीस थोबाडीत मार.”

पुढची चादर. सिस्टरचे डोळे सुजलेले होते, पण चादरीच्या कडा तिनं तंतोतंत जुळवल्या.

“मी शेजारच्या खोलीत अडकले होते गं. तिथलं बाळ आडवं. तुझी हाक आली तशी धावले. बघितलं आणि लगेच फोन लावला. नव्या दालनाचं उद्घाटन चाललेलं, तिथल्या माणसानं उचलला. म्हणाला, पाहुण्यांचं भाषण चालू आहे, डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेत आहेत, मधूनच कसं उठवू? तीनदा केला, मावशी. तिसऱ्यांदा तर त्यानं उचललाच नाही.”

“हे लिहिलंस का कागदावर?”

“कागद टाइप करूनच आला होता.”

दोघी पुढे आल्या. घडी मिळाली. सिस्टरनं ती लगेच हातात घेतली नाही.

“एक विचारू? वहीत तू चाळीस का लिहिलंस? पन्नास लिहायचं. तुझ्या मागचं तरी टळलं असतं. कोण बघायला होतं?”

“नाव तिनं चाळीसला सांगितलं.”

“मग पन्नासपर्यंत...”

मावशीचा हात पुन्हा तोंडावर गेला. सिस्टरनं घडी काढून घेतली. बाहेर कुठलंतरी बाळ रडायला लागलं आणि दोघींनी सवयीनं कान टवकारले. भुकेचं रडणं. घाई नव्हती.

*

ती शिवणवाली पाचव्या महिन्यापासून तपासणीला यायची. बाकड्यावर बसून नंबरची वाट बघताना बायका मान टाकून पेंगतात, ही मात्र मावशीच्या टेबलाशी सरकून बसायची. हाडं निघालेली, पण तोंडाची तिखट. कारखान्यात कॉलर शिवायची. “दिवसाला दोनशे कॉलर, मावशी, आणि त्यातला एकही गळा आपल्या माणसाचा नाही.”

एकदा म्हणाली, “आमच्या गल्लीत एका नावाची पाच पोरं आहेत. एक हाक मारली की पाचही येतात, काम सांगितलं की पाचही पळतात. मला असलं नको. मला अर्थाचं द्या.”

मावशीनं विचारलं, नवरा काय करतो? वेल्डर. पण गेल्या वर्षी उजवा हात भाजला, दोन बोटं वळत नाहीत आता. मावशीला ते लगेच सुचलं.

“बन्यामीन ठेव. बेन म्हणजे मुलगा. यामीन म्हणजे उजवा हात. उजव्या हाताचा मुलगा. उठ बघू, उगवतीकडे तोंड कर.”

पोट सावरत शिवणवाली खरंच उठली.

“आता उजवा हात पसर. कुठे गेला?”

“दक्षिणेला.”

“त्यांच्या भाषेत दक्षिणेलाही तोच शब्द. सूर्यासमोर उभं राहून दिशा ठरवणारी माणसं ती. आपल्यासारखीच.”

शिवणवाली हात पसरून उभी, आणि सगळं बाकडं तिच्याकडे बघून हसत होतं. “ठरलं,” ती म्हणाली. “यांचा उजवा हात कामातून गेलाय, घरात एक तरी चालता हवा. लिहा.”

“मुलगी झाली तर?”

“तर डावा हात! कापड सरकवायला डावाच लागतो, मावशी. उजवा नुसता मिरवतो.”

मावशीनं तिच्या तपासणीच्या कागदावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं. बाई दाखल झाली की आधीचं नाव वहीच्या ओळीवर पेन्सिलीनं, बाळ झाल्यावर आईच्या तोंडून आलेलं शाईनं, अशी रीत होती. शिवणवाली वाकून ते बघत राहिली.

“हे पहिल्यांदा ठेवलं कुणी?”

“बापानं.”

“आणि आईनं?”

झालं. मावशीला गोष्ट विचारायची म्हणजे पोहणाऱ्याला नदी दाखवायची. तिनं सांगितली. फार जुन्या काळची माणसं, तंबू उचलून चाललेली. वाटेतच बाईला कळा लागल्या. फार कठीण कळा. सुईण म्हणाली, भिऊ नकोस, हाही मुलगाच आहे तुला. बाईनं ऐकलं, पण तिला आपलं कळलं होतं. जीव जाता जाता तिनं पोराचं नाव ठेवलं, बेनोनी. माझ्या दुःखाचा मुलगा. मग बापानं ते बदललं आणि बन्यामीन केलं. बाईला रस्त्याच्या कडेला पुरलं आणि माणसं पुढे गेली.

शिवणवालीनं पेन्सिलीच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “म्हणजे जाताना ती बोलली एकच शब्द. तोही राहू दिला नाही.”

“पोराच्या भल्यासाठीच गं. आईचं मरण त्याच्या गळ्यात कशाला, म्हणून.”

“पोराचं भलं झालं. बापाचं समाधान झालं. तिचं काय?”

मावशीनं पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. तेवढ्यात आतून नंबर पुकारला गेला, आणि मावशी सुटली.

बाळंतपणाच्या दिवसापर्यंत सुटली, एवढंच. त्या दिवशी खाटेवरून क्षीण हाक आली, “मावशी, शाई काढा.” भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस झाले होते.

*

दुपारी वेल्डर आला. बाळ डाव्या हाताच्या कोपरात, घट्ट, चोरीचा माल असावा तसं. उजवा हात खिशात. गेल्या नऊ दिवसांत त्याची दाढी वाढली होती आणि शर्टावर दुधाचे वाळके डाग होते.

“नावपत्र हवंय, मावशी. त्याशिवाय पुढे जन्मनोंदणी होत नाही म्हणतात. साहेब म्हणाले, सही कर, नाव बदलून देतो.”

“केलीस सही?”

“उद्या करतो म्हटलं. म्हटलं तुम्हाला विचारावं.” तो बाकड्यावर बसला. नेमकं तिथेच, टेबलाशी. “कुणी लिहिलं हो असलं नाव? साहेब म्हणाले, आया म्हातारी झालीय, गोंधळ झाला तिचा. माझ्या बायकोनं तर बन्यामीनच ठरवलं होतं. घरात भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय. तिच्या उंचीवर. मी तिथे हात लावत नाही.”

मावशीनं बाळाची टोपी सारखी केली. टोपी सारखीच होती.

“मला राग नाही,” वेल्डर म्हणाला. “राग यायला अंगात काही लागतं. एवढंच वाटतं... दहा वीसलाच शुद्ध गेली म्हणे. बाळ सव्वादहाचं. म्हणजे तिनं याला धड पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं, तर मला पुढे सांगता आलं असतं याला. विचारेल ना हा. आई काय म्हणाली होती, विचारेल. मी काय सांगू? आई झोपली होती?”

तिनं पाहिलं होतं. एकेक करून दहाही बोटं हाताळली होती, उजव्या हाताची दोनदा. हे वाक्य मावशीच्या जिभेपर्यंत आलं. पण त्याच्यामागे दुसरं वाक्य उभं होतं, आणि त्याच्यामागे तिसरं. दार उघडलं की सगळीच बाहेर पडणार होती.

“उद्या अकराला ये,” ती म्हणाली. “तोवर सही करू नकोस.”

“याला आणू? शेजारीण सांभाळेल.”

“आण. त्याचंच काम आहे.”

तो गेल्यावर मावशी मागच्या खोलीत गेली. खोली म्हणजे एक खाट, एक खिडकी, फळीवर फाटके कोश. त्यात शास्त्राची एक जुनी प्रत होती, तिचं ते पान उघडायला बोट लावावं लागत नसे. ते आपोआप उघडायचं. तिनं चष्मा लावून गोष्ट पुन्हा वाचली. दोनतीनशे बायकांना सांगितली असेल तिनं ही. दर वेळी ती बाई डोळ्यांपुढे यायची, किंवा तो नवरा, किंवा रस्त्याकडेची ती कबर.

आज पहिल्यांदा ती सुईणीपाशी अडकली. सुईणीचं नाव कुणी लिहिलेलं नव्हतं. ती कुठून आली, पुढे तिचं काय झालं, काही नाही. तिच्या वाट्याला सगळ्या गोष्टीत एकच वाक्य होतं. भिऊ नकोस.

मावशीनं पुस्तक मिटलं आणि किती तरी वेळ खिडकीबाहेर वाळणाऱ्या चादरींकडे बघत बसली. मग उठून दौतीचं झाकण उघडून पाहिलं. शाई होती.

*

चौकशीला तिघं जण आले होते. मध्ये एक जाड चष्म्याच्या बाई, दोन्ही बाजूंना दोघे पुरुष. एक लिहून घेत होता, दुसरा जांभया लपवत होता. साहेबांनी नव्या दालनातल्या खुर्च्या मांडल्या होत्या. डॉक्टरीणबाई मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांचे हात वाळल्यासारखे दिसत होते, फार वेळा धुतलेल्या हातांसारखे. सिस्टर भिंतीला टेकून उभी. वेल्डर दाराशी, बाळाला घेऊन.

अहवाल वाचून झाला. चष्म्याच्या बाईंनी यादीवर बोट ठेवलं. “नामवही?”

“त्यात जरा गोंधळ आहे,” साहेब म्हणाले. “आमच्या आया वयस्कर आहेत. नावाची चूक झालीय, वडील सही करून दुरुस्त करताहेत.”

मावशी पुढे गेली आणि तिनं वही टेबलावर ठेवली. पान एकशे बेचाळीस उघडलं. शेजारी दौत ठेवली, झाकण काढून.

“गोंधळ नाही,” ती म्हणाली. “शाईच्या खाली बघा, पेन्सिलीचं बन्यामीन अजून दिसतंय. ते तिनं दोन महिने आधी सांगितलं होतं. वर शाईचं आहे ते तिनं त्या दिवशी सांगितलं. पुढच्या ओळीवर शेजारच्या खोलीतलं बाळ आहे, त्याच दिवशी साडेबाराचं, त्याची आई घरी धडधाकट आहे, तिला विचारा. वही शिवलेली आहे. मधे ओळ घुसडता येत नाही.”

“नाव बदलायला आईवडिलांना मोकळीक असते,” डावीकडचा पुरुष म्हणाला. “त्यात एवढं काय?”

“बापानं बदलावं. त्याचा हक्क आहे. पुढच्या कोऱ्या ओळीवर मी आनंदानं लिहीन, बन्यामीन. पण वरची ओळ खोडणार नाही. ज्या गोष्टीतलं हे नाव आहे त्यातही बापानं बदललं, पण गोष्ट लिहिणाऱ्यानं आईचं नाव खोडलं नाही. दोन्ही ठेवली. म्हणून तर हजारो वर्षांनी मला माहीत झालं, आणि माझ्याकडून तिला. हे नाव बाहेर कुणी ठेवत नाही, बाई. शोधून सापडायचं नाही. ते या दोन तोंडांतच होतं. माझ्या आणि तिच्या.”

“मावशी, मुद्द्यावर या,” साहेब म्हणाले.

“आलेच.” मावशीनं टेबलाची कड धरली. “बाळ सव्वादहाला झालं. मी पुसून तिच्या कुशीत दिलं. तिनं बघितलं त्याला. बोटं मोजली. उजव्या हाताची दोनदा.”

दाराशी वेल्डर हलला.

“दहा चाळीसला म्हणाली, मावशी, शाई काढा. लिहा, बेनोनी. मला तिनंच सांगितलं ना, की मी चाललेय. ओरडून नाही सांगितलं, माझ्याच गोष्टीतनं सांगितलं. आणि मी हसले.”

लिहून घेणारा थांबला.

“हसले मी. म्हटलं, वेडाबाई, तू काही मरत नाहीस, भिऊ नकोस, बघ कसा मुलगा आहे. अठ्ठावीस वर्षांत हजार जणी मरते मरते म्हणाल्या होत्या, त्यातलीच एक वाटली. चांगलं नाव सांग म्हणून मी तिची समजूत घालत बसले. ती तेच म्हणत राहिली. शेवटी म्हटलं, बरं बाई, नंतर बदलू, आणि लिहिलं. नाव लिहून झालं आणि पांघरूण सारखं करायला गेले, तर खाली सगळं भिजलेलं. तेव्हा दहा पन्नास झाले होते. तेव्हा मी सिस्टरला हाक मारली. वेळ मी पन्नास लिहू शकले असते. मी चाळीस लिहिली. ती दहा मिनिटं माझी आहेत. ती मी खाल्ली. माझं जे करायचं ते करा, खोली आजच रिकामी करते.”

बाळानं एक लहानसा आवाज काढला. वेल्डरनं खिशातून उजवा हात बाहेर काढला, न वळणाऱ्या दोन बोटांसकट, आणि बाळ त्या हातावर घेतलं.

“सिस्टरनं तीनदा फोन केला,” मावशी म्हणाली. भिंतीशी सिस्टरनं मान वर केली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, पण ती खाली बघेना.

“केला,” सिस्टर म्हणाली. “तीनदा.”

“कागदावर ती दहा पन्नासला गेलीय,” मावशी म्हणाली. “पण अकरा वीसपर्यंत माझा हात तिच्या हातात होता. शेवटची पाच मिनिटं ती बोलत नव्हती, पण पकड होती. मला माहीत आहे, माझ्या हातावर वळ होते. दहा पन्नास ते अकरा वीस, डॉक्टरीणबाई आल्याच नाहीत. अर्धा तास. तो या वहीत नाही, तुमच्या कागदात नाही, कुठेच नाही.”

तिनं पेन दौतीत बुडवलं, जास्तीची शाई काठावर निपटली, आणि वहीच्या कोऱ्या ओळीवर पेन टेकवून ती साहेबांकडे वळली.

“दहा मिनिटं मी माझ्या नावावर लिहिली. हा अर्धा तास कुणाच्या नावावर लिहू? बोला, साहेब. आज शाई वाळायच्या आत सांगा.”